सावलीची मोजणी

"ताई, काय करायचं ते करा, पण फक्की वापरू नका," असं सोनवणे गुरुजींनी राजश्रीला आधीच सांगितलं होतं. खडूनं खुणा करा, गेरूनं करा, वाटल्यास चिंचोके मांडा, पण फक्की नको. "आपल्या भागात फक्की पडली की माणसं गोळा होतात," एवढं बोलून ते पुन्हा हजेरीपटात तोंड घालून बसले.

राजश्रीनं "बरं" म्हटलं. पण "बरं" दोन प्रकारचं असतं. एक ऐकल्याचं आणि एक ऐकून सोडून दिल्याचं. तिचं दुसऱ्या प्रकारातलं होतं. खडूची रेघ मातीवर उमटत नाही, ही गोष्ट बी.एस्सी. झालेल्या बाईनं गुरुजींना समजावत बसावं असं तिला वाटलं नाही. शिवाय शाळेच्या कोपऱ्यात कबड्डीच्या सामन्यांतून उरलेलं फक्कीचं अर्धं पोतं तिनं स्वतः पाहिलं होतं. चुन्याची पांढरीशुभ्र भुकटी, एक रेघ मारली की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावी अशी. रस्त्यावरून दिसणं हाच पुढं तिचा गुन्हा ठरणार, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात होतं?

बोरमळा ही शिक्रापूरहून तळेगाव ढमढेऱ्याकडं जाताना लागणारी वस्ती. शाळा दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. शाळेपुढं मोकळं पटांगण. पटांगणाच्या पश्चिमेला सर्जेराव आबांचा ऊस, पूर्वेला रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला रंगुबाईची चहाची टपरी. हा नकाशा जरा ध्यानात ठेवावा, कारण त्या आठवड्यात बोरमळ्यातल्या प्रत्येक माणसानं तो बोटानं, काडीनं आणि मनातल्या मनात पुन्हा पुन्हा काढला.

राजश्रीचा नवरा सतीश तिकडच्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता. आबांनी कामगारांसाठी बांधलेल्या चाळीत दोन खोल्या घेऊन ते राहत. मुलगी नंदिनी याच शाळेत तिसरीत, आणि राजश्री तिथं हौसेनं मदतीला जाई. राजश्रीचा स्वभाव काळजीचा. नंदिनीच्या पेन्सिलीला टोक करून झालं की तेच टोक ती थोडं बोथट करून देई, डोळ्यात जायला नको म्हणून. दप्तरात एक शिट्टी घालून ठेवलेली, हरवलीस तर वाजव म्हणून. शाळा घराच्या दारातून दिसत होती, ही गोष्ट वेगळी. घरातलं घड्याळही ती दहा मिनिटं पुढं ठेवी. उशीर होण्याआधी धास्तावायला तेवढा वेळ हाताशी असलेला बरा.

त्या वर्षी शाळांना विज्ञानाच्या सोप्या कृतींची एक पुस्तिका आली होती. पाण्याच्या थेंबाचं भिंग, कागदाचं भिरभिरं, सावलीचं घड्याळ, अशा कृती मुलांनी हातांनी करून बघायच्या. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख शनिवारी ते बघायला येणार होते. गुरुजींनी ती पुस्तिका दोन बोटांत धरून राजश्रीच्या हाती दिली. "तुम्ही सायन्सच्या आहात," ते म्हणाले. आपल्यावरचं संकट योग्य माणसाकडं गेल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

राजश्रीनं सावलीचं घड्याळ निवडलं. कृती पुस्तिकेत चार ओळींत मावली होती. उन्हात एक काठी रोवायची, दर तासाला सावलीचं टोक पडेल तिथं खूण करायची, आणि दुसऱ्या दिवसापासून खुणा बघून वेळ सांगायची. शेजारच्या चित्रात एक मुलगा हसत उभा होता आणि त्याच्यापाशी एक काठी होती, बाकी काही नव्हतं.

त्या मुलाची आई राजश्री नव्हती, म्हणून तो हसत होता. राजश्रीला पहिल्यांदा वाटलं, आखूड काठीवर पळती पोरं पडतील. म्हणून तिनं चांगला उंच बांबू आणला. मग वाटलं, एखादा सायकलवाला येऊन बांबूवर आदळेल. म्हणून शेंड्याला लाल फडकं बांधलं. खुणा पायांनी पुसतील म्हणून प्रत्येक खुणेवर एक वीट ठेवली आणि विटेवर ऑइलपेंटनं आकडा टाकला: आठ, नऊ, दहा. विटेची कुणाला ठेच लागू नये म्हणून सगळ्या विटा फक्कीच्या ठळक रेघेनं जोडायचं ठरलं. सावली मोजताना पोरांना रस्त्याकडं पाठ करून फार वेळ ओणवं राहायला लागू नये म्हणून सतीशला सांगून कारखान्यातली मोजायची लांबलचक टेप मागवली. आणि रस्त्याच्या अंगाला उभं राहणाऱ्याच्या डोक्यावर काहीतरी असावं म्हणून सतीशचं पिवळं हेल्मेट. टेप धरील त्या पोरानं ते घालायचं. ते नाकापर्यंत येई आणि पोराला समोरचं काही दिसत नसे, पण सुरक्षित वाटत असे. राजश्रीला.

त्यातून सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. या दिवसांत सूर्य अगदी पूर्वेला उगवून अगदी पश्चिमेला मावळतो, त्यामुळं सावलीची टोकं इकडंतिकडं न भरकटता एका सरळ रेषेत पडतात. हे राजश्रीला कॉलेजात शिकवलं होतं आणि ती विसरली होती. सोमवारी संध्याकाळी पोरांनी विटा जोडल्या, तेव्हा आबांच्या बांधापासून निघालेली रेघ दोरी धरून आखल्यासारखी पटांगण ओलांडून टपरीच्या थोडी अलीकडं येऊन थांबली. राजश्रीला इतका आनंद झाला की तिनं टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या.

टपरीत चहा पीत बसलेल्या माणसांनी वाजवल्या नाहीत.

ती वर्षंच तशी होती. नगर रोडला कारखाने उभे राहत होते. एखाद्या माळावर सकाळी अनोळखी माणसं उतरायची, लाल झेंडी रोवायची, टेप ताणायची, पांढऱ्या खुणा करून निघून जायची. पुढच्या दिवाळीला तिथं पत्र्याची शेड आणि दारावर वॉचमन. कुणाच्या अंगणात नवी मोटरसायकल यायची, कुणी त्याच वॉचमनला विचारून आपल्याच जुन्या विहिरीवर जायचं. मोजणी म्हणजे काय, हे बोरमळ्यात कुणाला शिकवायला लागत नव्हतं. सावलीची मोजणी मात्र त्यांनी ऐकली नव्हती.

सर्जेराव आबा राजदूतवरून आले. बांधाला लागून असलेल्या आठच्या विटेकडं त्यांनी बराच वेळ बघितलं.

"काय मोजतीस, पोरी?"

"सावली, आबा."

"कुणाची?"

"बांबूची."

आबा हसले. सगळं ओळखूनही न ओळखल्यासारखं करायचं ठरवलेली वडीलधारी माणसं हसतात तसे. "बरोबर हाय. तुला सांगता यायचं न्हाई," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

रात्रीच्या जेवणाआधी ते पाटीभर वांगी घेऊन घरी हजर. भाडं मागायला यायचे तेव्हा दारातूनच बोलणारे आबा आज आत येऊन बसले.

"सतीशराव, कंपनी वाढतीय म्हणं?"

"छे हो आबा. आमचा ओव्हरटाइम बंद केलाय."

"व्हय, व्हय. असंच बोलावं." आबा राजश्रीकडं वळले. "ऊस उभा हाय. रेघ जरा पलीकडं सरली तर बघ."

"आबा, ती रेघ माझ्या हातात नाही हो. वरचा जशी पाडतो तशी पडते." राजश्रीनं छताकडं बोट दाखवलं.

"वरचं म्या बघतो," आबा उठत म्हणाले, "तू खालचं बघ."

शेजारच्या अनसाबाईंनी हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. त्यांचं ऐकणं नेहमी पूर्ण असे. सकाळी पाणी भरताना त्यांनी राजश्रीला बाजूला घेतलं.

"कबूल करून टाक, बाई. खोटं किती दिस पुरवशील?"

"अहो, खोटं काय त्यात?"

"मग सावली म्हणतीस ते? आमच्या सासऱ्यांना टीबी झाला तवा आम्ही बी खोकलाच म्हणत होतो."

राजश्रीच्या पदवीला हे फार लागलं. तिनं ठरवलं, आता घड्याळ असं बिनचूक करायचं की कुणाला बोलायला जागा राहू नये. मंगळवारी तिनं रेडिओवरच्या बातम्यांना आपलं घड्याळ लावलं आणि तिच्या लक्षात आलं की सोमवारच्या सगळ्या खुणा दहा मिनिटं आधीच्या आहेत. तिनं पोरांना घेऊन दिवसभर प्रत्येक वीट नव्या जागी सरकवली. सकाळची सावली पश्चिमेला पडून आखूड होत जाते, संध्याकाळची पूर्वेला पडून लांबत जाते. दहा मिनिटं उशिरा खूण केली की प्रत्येक वीट पूर्वेकडं सरकणार. विज्ञान म्हणून ते निर्दोष होतं.

बोरमळ्याला दिसलं ते असं: रात्री आबा पाटीभर वांगी देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी रेघ त्यांच्या बांधावरून दोन हात मागं आली. आणि तेवढीच पुढं जाऊन रंगुबाईच्या उंबऱ्याला टेकली.

बुधवारी सकाळी राजश्रीच्या दारात दोन भोपळे, एक कोंबडा आणि आबांचा पुतण्या पप्पू उभे होते. भोपळे आणि कोंबडा कुणाचे ते कळलं नाही. पप्पू स्वतःच्या वतीनं आला होता. शाळेच्या उत्तरेला त्याची आईच्या नावावरची एक पडीक पट्टी होती.

"वहिनी, बाकीची माणसं रेघ लांब न्या म्हणत्यात. मी जवळ आणा म्हणतोय. माझ्या पट्टीतनं काढा. जिमीन गेली की पोराला कंपनीत घेत्यात."

"पप्पू, रेघ उत्तरेला जात नाही रे."

"का न्हाई जात? आबाला सरती आन् मला सरत न्हाई?"

राजश्रीतली पहिल्या वर्गात पास झालेली विद्यार्थिनी इथं नको तेव्हा जागी झाली. "आत्ता नाही. डिसेंबरात बघ. सूर्य दक्षिणेला गेला की दुपारची सावली लांबते, तेव्हा रेघ आपोआप तुझ्या बाजूला सरकेल."

पप्पू तिच्या पाया पडला. दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक झालं की दुसरा टप्पा डिसेंबरात आहे आणि त्यात पप्पूचं नाव लागलंय.

त्याच दुपारी तलाठी आले. गावोगाव तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, तसे इथंही. भाऊसाहेबांनी स्कूटर सावलीत लावली, रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, हेल्मेट घातलेल्या पोराला बाजूला घेऊन त्याचं नाव विचारलं आणि मग राजश्रीसमोर उभे राहिले.

"आदेश कुणाचा?"

राजश्रीनं पुस्तिका दिली. त्यांनी ती पाण्याच्या थेंबापासून भिरभिऱ्यापर्यंत सगळी चाळली. मलपृष्ठही उलटून बघितलं.

"यावर जावक क्रमांक नाही."

"ते पुस्तक आहे, भाऊसाहेब."

"पुस्तक असलं तरी कुठून तरी निघालं असेलच ना?"

राजश्रीनं पुस्तिका परत घेतली. भाऊसाहेब टपरीवर गेले. तिथं सगळे त्यांच्याकडं टक लावून बसलेले. काय प्रकार आहे, असं आबांनी विचारलं. आता खरं म्हणजे "मला माहीत नाही" हे तीन शब्द बोलायचे होते. पण भाऊसाहेबांच्या वीस वर्षांच्या नोकरीत ते शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते, आणि चारचौघांत एकाएकी सुरुवात कशी करायची? त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"वरून आलंय. सध्या बोलता येणार नाही. तोवर खुणा मात्र कुणी हलवायच्या नाहीत."

गुरुवारी सकाळी नंदिनीला शाळेत सोडायला निघालेली राजश्री टपरीपाशी थबकली. रंगुबाई स्टुलावर चढून पुढचा पत्रा सोडवत होती. स्टोव्ह, किटली आणि कपांची पाटी बाहेर काढून ठेवलेली.

रंगुबाई साठीची. शाळा सुटली की हातातली गाळणी उंच धरून ती रस्त्यावर उभी राहायची आणि ट्रक थांबवून पोरांना पलीकडं न्यायची. शाळेच्या वेळेत नंदिनीकडं लक्ष ठेवणारं आपल्याखेरीज आणखी कुणी जगात आहे, असं राजश्रीला वाटायचं ते फक्त या बाईमुळं. तिचा लेक रेल्वेत, दौंडला. तो कधीचा बोलवत होता आणि ती कधीची टाळत होती. "तिथं मी पाव्हणी, हितं मी मालकीण," असं ती म्हणायची.

"मावशी, हे काय चाललंय?"

"पत्रं काढतीय. बुलडोजर आला की चेपून टाकत्यात. आत्ता काढलं तर जसंच्या तसं राहत्यात."

"अहो, ती रेघ पोरांची आहे. शाळेचा अभ्यास आहे तो."

"व्हय गं. पोरांच्या हातनं टाकली म्हंजी कोण आडवं येत न्हाई." रंगुबाई खाली उतरली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुला बोल न्हाई, लेकी. तुला वरनं सांगितलं, तू केलंस. माझ्या ल्योकाला बी वरनंच सांगत्यात. शनिवारच्या गाडीनं जाते त्याच्याकडं."

"कायमच्या?"

"मग काय, उन्हात उभी राहून चहा इकू?"

राजश्रीनं शेजारचा खराटा उचलला आणि सरळ पटांगणात जाऊन रेघ पुसायला लागली. एक वीट ओलांडली नाही तोच पप्पू धावत आला. "वहिनी, सरकारी खूण पुसली की केस होती. भाऊसाहेब बोललेत." मागून आबा आले. रेघ पुसली आणि पुन्हा नव्यानं पडली तर ती कुठं पडेल याची त्यांना धास्ती. आणि सगळ्यात मागून तिसरीचा वर्ग आला, आपलं घड्याळ पुसताना बघून मोठ्यानं रडत. त्यात नंदिनीचा आवाज सगळ्यांच्या वर. राजश्रीनं खराटा ठेवला.

ती गुरुजींकडं गेली. गुरुजी म्हणाले, "मी फक्कीचं बोललो होतो." मग हजेरीपट मिटून म्हणाले, "मागं एकदा मी लंगडीसाठी चौकोन आखले होते, ताई. लोक म्हणाले घरकुलाचे प्लॉट पडले. एकानं तर चौकोनात बाज आणून टाकली. दोन रात्री तिथंच झोपला."

"मग उठवलं कसं त्याला?"

"उठवलं नाही. पाऊस आला."

आणि ती दारातून बाहेर पडत असताना ते हळूच पुन्हा म्हणाले, "फक्कीचं मात्र बोललो होतो."

शनिवार. सकाळची शाळा. पटांगणात अख्खा बोरमळा आणि तळेगावहून चौकशीला आलेली माणसंसुद्धा. साहेब येणार, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कसले साहेब, हे विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. भाऊसाहेब लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, चेहरा असा की सगळं त्यांच्या देखरेखीखाली चाललंय. रंगुबाईची टपरी आता चार वासे तेवढे उरली होती. पत्रे दोरीनं बांधून ठेवलेले, शेजारी तिची वळकटी, आणि तिच्यावर ती स्वतः, दौंडच्या एस.टी.ची वाट बघत.

केंद्रप्रमुख एम-एट्टीवरून आले. बारीक, पित्तप्रकृतीचे, आपल्या येण्यानं शाळेत नेहमी थोडी पळापळ होते एवढंच माहीत असलेले गृहस्थ. त्यांच्या गळ्यात हार पडला. आबांनी नारळ दिला. पप्पूनं हातात अर्ज कोंबला. केंद्रप्रमुखांचे डोळे पाणावले. विज्ञानाची एवढी आवड त्यांनी एकाही शाळेच्या गावात पाहिली नव्हती. आपण चार शब्द बोललंच पाहिजे असं त्यांना वाटलं, आणि त्यांना थांबवायचं राजश्रीच्या मनात येईपर्यंत ते विटेवर चढलेही होते.

"बंधूंनो, भगिनींनो," ते म्हणाले, "मी ही रेघ पाहिली. फार समाधान वाटलं. पण ही रेघ इथंच थांबता कामा नये. ही रेघ शिक्रापुरात गेली पाहिजे, तळेगावात गेली पाहिजे. माझं तर स्वप्न आहे, ही रेघ प्रत्येक घराच्या अंगणातून गेली पाहिजे."

 तळेगावच्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. अनसाबाईंनी "अगं आई" म्हणून पदर तोंडाला लावला. आबांचा हात आपसूक नारळ परत घ्यायला पुढं झाला. आणि रंगुबाईनं शांतपणे उठून वळकटी काखेत मारली. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता.

तेवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली.

नंदिनी टपरीसमोर उभी राहून गाल फुगवून शिट्टी वाजवत होती. राजश्रीनं हरवलीस तर वाजव म्हणून दिलेली शिट्टी हीच. सगळे जागच्या जागी थांबले. नंदिनीनं रंगुबाईचा हात धरला.

"आजी, तुम्ही आमचं घड्याळ बघितलंच नाही. बघून जा."

"गाडी आली, बाळा."

"पटकन दाखवते."

ती रंगुबाईला ओढत पटांगणाच्या मधोमध घेऊन गेली आणि आईकडं बघून म्हणाली, "बांबू काढ." राजश्रीनं क्षणभर भाऊसाहेबांकडं बघितलं, मग पदर खोचला. सोनवणे गुरुजीही पुढं झाले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काही केलं असेल तर ते हेच. दोघांनी हिसडा देऊन बांबू उपटला. गर्दीतून "आता मेले" असा आवाज आला. नंदिनीनं रंगुबाईला त्या खड्ड्यात नीट उभं केलं.

"आता सावली बघा."

रंगुबाईनं वाकून बघितलं. तिची स्वतःची सावली, पदरासकट, काखेतल्या वळकटीसकट, मातीवर पडून एका विटेकडं तोंड करून होती.

"काय लिवलंय त्यावर?"

"दहा," अख्खी तिसरी ओरडली.

"साहेब, किती वाजले?" राजश्रीनं विचारलं. केंद्रप्रमुखांनी मनगटाकडं बघितलं. "दहाला दोन कमी."

"तुमचं घड्याळ मागं आहे," नंदिनी म्हणाली.

रंगुबाईनं एक हात वर केला. सावलीनंही केला. ती एक पाऊल बाजूला सरली. सावलीचा रोख विटेवरून सुटला. परत खड्ड्यात उभी राहिली, पुन्हा दहावर. तिनं मान वर करून सूर्याकडं बघितलं, खाली रेघेकडं बघितलं, मग स्वतःच्या उघड्या वाशांकडं बघितलं.

"म्हंजी ही माझ्या दारात गेली ती..."

"संध्याकाळचे पाच, आजी. पाच वाजता सावली तुमच्या दारात येते."

"बुलडोजर न्हाई?"

"नाही."

"नुसतं ऊन."

"नुसतं ऊन," राजश्री म्हणाली. 

दौंडची एस.टी. येऊन थांबली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. रंगुबाईनं वळकटी खाली ठेवली, पण खड्डा सोडला नाही. "थांब गं," ती नंदिनीला म्हणाली, "ही अकरावर कशी जाती ते बघू दे." एस.टी. गेली. रंगुबाई अकरा वाजेपर्यंत तिथंच उभी राहिली. तिच्या मागं रांग लागली. आबा उभे राहिले, पप्पू उभा राहिला, अनसाबाई दोनदा उभ्या राहिल्या. केंद्रप्रमुखांनी आपल्या अहवालात "लोकसहभाग: उत्कृष्ट" असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

बाकीचं ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावून घेतलं. भाऊसाहेबांनी टपरीवर सांगितलं की आपण वर शब्द टाकला, म्हणून प्रकरण रद्द झालं. आबांचं मत, वांगी कामाला आली. पप्पू मात्र निष्ठेनं डिसेंबरची वाट बघत राहिला. डिसेंबरात भर दुपारी येऊन उभा राहिला आणि सावली खरोखरच त्याच्या पट्टीकडं सरकलेली बघून इतका हळवा झाला की शेवटी सतीशनं त्याला कारखान्यातल्या एका कंत्राटदाराकडं चिकटवून दिलं. आपली नोकरी रेघेनं लावली असं तो आजही सांगतो.

रंगुबाईनं टपरी परत उभी केली, पण तोंड फिरवून. आता दार थेट विटांकडं. "मावशी, तळेगावची गाडी कवा?" असं कुणी विचारलं की ती पटांगणात पुन्हा रोवलेल्या बांबूकडं नजर टाकायची. "सावली दहाला शिवली की." गाडी अर्थातच कधी दहाला यायची नाही. पण त्यात सावलीची चूक नव्हती.

हे झाल्याला काही वर्षं लोटली. सतीशची नोकरी बदलली आणि ही मंडळी दौंडकडं राहायला गेली. परवा राजश्री एस.टी.नं शिक्रापूरला निघाली होती. गाडी बोरमळ्यापाशी हळू झाली आणि तिनं खिडकीतून बघितलं. रस्त्याच्या कडेनं फक्की पडलेली. लाल झेंड्या. दगडांवर आकडे. तीन पायांच्या घोड्यावर दुर्बीण लावून एक माणूस, आणि रेघ पूर्वेला नाही, पश्चिमेला नाही. सरळ रस्त्याबरोबर येऊन टपरीच्या मधोमध घुसलेली. ती रेघ उन्हाची नव्हती. रंगुबाई त्या दुर्बीणवाल्याला कौतुकानं चहा देत होती आणि भोवतीच्या माणसांना सांगत होती, "घाबरताय काय? सावली मोजत्यात. आमच्या पोरांनी बी मोजली व्हती."

राजश्रीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, जे तिनं नंदिनीला जन्मात करू दिलं नसतं. "मावशी, ही खरी आहे."

रंगुबाईनं ओळखलं. हसून हात हलवला. "व्हय, व्हय. दहा वाजल्यात." आणि गाडी सुटली.

राजश्रीनं शाळेकडं चौकशी केली, तर सोनवणे गुरुजींची बदली झालेली. पप्पूच्या कारखान्यात फोन लावला, तर तो म्हणाला, रेघ आली म्हंजी कुणाचं तरी भलंच होणार. सतीश म्हणाला, तू उगीच काळजी करतेस. हे तो गेली दहा वर्षं म्हणतोय, आणि त्यामुळं त्याच्या म्हणण्यावर विसंबता येत नाही.

तेव्हा राजश्रीची तुम्हालाच विनंती आहे. त्या रस्त्यानं जाणं झालं तर बोरमळ्याला उतरा. टपरी उभी असेल तर रंगुबाईला भेटा, चहा घ्या, तब्येत विचारा. तोंडानं समजावत बसू नका. तिचा तोंडी सांगण्यावर विश्वास नाही, आणि तिला तशी सवय राजश्रीच्याच घड्याळानं लावली. उन्हात घेऊन जा, नव्या रेघेजवळ उभी करा आणि तिची सावली त्या आकड्यांशी जुळते का ते तिलाच बघू द्या. नाही जुळली की ती स्वतः स्टुलावर चढून पत्रे सोडवील. पुढं टपरी कुठं टाकायची ते तिचं ती ठरवील, मालकीण आहे ती. तुम्ही फक्त स्टूल धरा.

आणि जाताना बरोबर फक्की नेऊ नका.